फुग्यांची सजावट: पहिली ऑर्डर घेण्याआधी आखणी कशी करायची

बारशाचे पाहुणे संध्याकाळी साडेसहाला येणार असतील तर फुग्यांचं काम साडेपाचला संपलेलं हवं. मधला तास केर काढण्यात, घोडा (चढायची घडीची शिडी) हलवण्यात आणि फोटोवाल्याला दिवे लावून बघू देण्यात जातो. या साडेपाचपासून मागे मागे मोजत गेलात की फुगे कधी फुगवायचे, माल कधी आणायचा, माणसं किती घ्यायची हे सगळं कागदावर येतं. माझ्याकडे नवीन मुलंमुली शिकायला येतात तेव्हा पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात वही आणि मोजायची टेप देते. पंपाची पाळी दुसऱ्या दिवशी येते.

मी पुण्यात हे काम करते. बारसं, पहिला वाढदिवस, डोहाळजेवण, साखरपुडा, दुकानाचं उद्घाटन, शाळेचं स्नेहसंमेलन असं काहीबाही वर्षभर चालू असतं. या लेखात एकच काम घेते आणि तेच पुढे चालवते, म्हणजे हिशोब तुटणार नाही. मे महिना आहे, सिंहगड रस्त्यावरचा एसी हॉल आहे, बारसं आहे. पाळण्यामागे १० फूट रुंद आणि ८ फूट उंच पडदा उभा करायचा आहे. त्याच्या डाव्या कडेने वर चढून माथ्यावर अर्ध्याच्या थोडं पुढे जाणारी फुग्यांची माळ, आणि दाराशी सहा-सहा फुटी दोन खांब.

१. आधी नीट बोलून घ्या

हल्ली काम सुरू होतं ते मोबाइलवर आलेल्या एका फोटोपासून. "ताई, अगदी असंच हवं." फोटो सुंदर असतो, पण तो कुठल्या तरी वीस फुटी भिंतीचा असतो आणि आपल्याकडे असते दहा फुटांची. म्हणून फोटोत खुर्ची, टेबल, दार असं काही दिसतंय का ते बघा. खुर्चीची पाठ साधारण तीन फूट धरून बाकीचं डोळ्यांनी मोजा. मग घरच्यांना स्पष्ट सांगा, की या फोटोत चारशे फुगे आहेत, तुमच्या जागेत पावणेतीनशे शोभतील. हे आधी सांगितलं तर कोणी नाराज होत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी सांगावं लागलं तर मात्र होतात, आणि त्यांचं चुकतंही नाही.

त्यानंतरचे प्रश्न मी दर वेळी विचारते. हॉल आपल्या ताब्यात किती वाजता मिळणार? त्याच दिवशी आधी तिथे दुसऱ्या कोणाचं कार्य आहे का? पाळणा नेमका कुठे टांगणार? औक्षण कुठे होणार? घरात कोणाला रबराची ॲलर्जी आहे का? (असते. मुलाच्या आत्याला हातमोज्यांनी पुरळ येतं, हे ऐनवेळी कळलेलं चांगलं नाही.) आणि शेवटी, सगळं काढायचं कोणी?

यातला दुसरा प्रश्न मी फार उशिरा शिकले. एका कार्यालयाने दुपारी दोनला हॉल देतो म्हणून सांगितलं होतं. सकाळचं लग्न रेंगाळलं, पंगती उशिरा उठल्या आणि आम्हाला हॉल मिळाला साडेचारला. तेव्हा आम्ही फुगवण्यापासून सगळं जागेवरच करायचो. सव्वासहाला बाळाची आजी बाळाला दुपट्यात गुंडाळून समोर येऊन उभी राहिली, तेव्हा मी घोड्यावर होते आणि माळेचा वरचा टोकाकडचा भाग अजून रिकामा होता. त्या काही बोलल्या नाहीत. बाळाला मांडीवर घेऊन शांतपणे खुर्चीत बसून राहिल्या. तो प्रसंग माझ्या मनातून आजही जात नाही. त्या दिवसापासून जेवढं घरी बांधून नेता येतं तेवढं मी बांधूनच नेते.

२. जागा बघायला स्वतः जा

हॉलवाल्याने फोनवर सांगितलेली मापं वहीत लिहा, पण त्यांवर विसंबू नका. टेप घेऊन जा. भिंतीची रुंदी, छताची उंची, स्टेजची उंची तर मोजाच, शिवाय दाराची आणि लिफ्टचीही रुंदी मोजा. सात फुटी तयार माळ जिन्याच्या वळणावर अडकली की अर्धे फुगे तिथेच जातात.

भिंतीला हात लावून बघा. ऑइल पेंट असेल तर हुक चिकटतो. डिस्टेंपर असेल तर टेपबरोबर रंगाची पापडी निघून येते आणि ती भरपाई आपल्या खिशातून जाते. बहुतेक हॉल भिंतीला काही चिकटवूच देत नाहीत, म्हणून पाइपाची स्वतंत्र चौकट नेणं हाच खात्रीचा मार्ग. छताला आग विझवण्याचे पाण्याचे फवारे असतात, त्यांच्या नळीला काहीही बांधायचं नाही. पंख्यांनाही नाही. पंखा कुठला चालू होतो आणि त्याची हवा कुठे येते हे बटणं दाबून बघा. प्लग कुठे आहे, तो चालतो का, तिथून स्टेजपर्यंत किती मीटर वायर लागेल, हेही बघून घ्या. दोन तोंडांचा विजेचा पंप साधारण ६०० वॉटचा असतो, घरगुती पाच अँपियरच्या प्लगवर आरामात चालतो.

परत निघण्याआधी हॉलचे दिवे लावायला सांगा. पिवळ्या दिव्यात पांढरा फुगा मलईच्या रंगाचा दिसतो आणि फिकट जांभळा मळका वाटतो. रंगांचे दोन-तीन फुगे फुगवून बरोबर न्या आणि त्याच दिव्यांत फोटो काढून घरच्यांना पाठवा. या एका फोटोने पुढचा बराच वाद वाचतो.

३. हिशोब

नवीन माणूस इथेच अडखळतो, म्हणून सावकाश सांगते.

आपल्याकडे मुख्य फुगा १० इंची. तो दहा इंच फुगवायचा नसतो, नऊ इंचांवर थांबायचं. असे चार फुगे एकत्र बांधले की एक चौकडी होते. चौकड्या एकमेकींत रुतून बसतात, म्हणून प्रत्येक चौकडी माळेत साधारण सहा इंच जागा घेते. म्हणजे फुटाला दोन चौकड्या, आठ फुगे.

आपली माळ डावीकडून ८ फूट चढते आणि वर ६ फूट जाते, एकूण १४ फूट. १४ गुणिले ८, ११२ मधले फुगे. मोकळी, नैसर्गिक वाटणारी माळ हवी असेल तर फटी भरायला ५ इंची छोटे फुगे लागतात. फुटाला चार धरा, ५६ झाले. आणि दर दोन फुटांना एक १८ इंची मोठा फुगा, म्हणजे ७. मोठ्या फुग्यांशिवाय माळ सपाट दिसते. नवीन लोक मोठ्या फुग्यांवर पैसे वाचवतात, ती काटकसर फोटोत लगेच दिसते.

खांबाचं गणित सोपं आहे. सहा फूट, फुटाला दोन चौकड्या, एका खांबाला ४८ फुगे, दोन्हींना ९६. माथ्यावर एक-एक मोठा फुगा.

एकूण मधले २०८, छोटे ५६, मोठे ९. बेरीज २७३. यावर बारा-पंधरा टक्के जास्त घ्या, कारण काही फुगवताना फुटतील, काही पाकिटातूनच सदोष निघतील, आणि चार-पाच फुगे पाहुण्यांची मुलं मागून नेतील. म्हणजे मधले दोनशे चाळीस, छोटे पासष्ट, मोठे अकरा.

कमान असेल तर लांबी कशी काढायची? दोन्ही बाजूंची उंची आणि रुंदी यांची बेरीज करा आणि तिला ०.८ ने गुणा. १० फूट रुंद, ८ फूट उंच कमानीला ८ + ८ + १० म्हणजे २६, गुणिले ०.८, जवळजवळ २१ फूट. खात्री करायची असेल तर जमिनीवर सुतळी कमानीच्या आकारात टाकून मोजा, उत्तर तेवढंच येतं.

आता वेळ. नवख्या दोघांनी मिळून, एकाने फुगवायचे आणि दुसऱ्याने गाठ मारायची असं केलं, तर तासाला दीडशे फुगे होतात. म्हणजे फुगवायला दोन तास, माळ बांधायला दीड, खांबांना एक. साडेचार तास. हे आदल्या दिवशी संध्याकाळी घरी. हॉलमध्ये चौकट उभारणं, पडदा ताणणं, माळ चढवणं, फटी भरणं यांना अडीच तास. हॉल दोनला मिळाला तर साडेपाचपर्यंत साडेतीन तास आहेत, एक तास शिल्लक राहतो. हा शिल्लक तास कोणालाही देऊ नका. "तेवढ्यात जेवणाच्या टेबलावर पण थोडे फुगे लावाल का" असं कोणी तरी म्हणतंच.

४. माल आणणं

पुण्यात रविवार पेठेत, बोहरी आळीच्या गल्ल्यांमध्ये सजावटीचा माल घाऊक मिळतो. मुंबईकरांसाठी क्रॉफर्ड मार्केटचा परिसर आहे. स्वस्त पाकिटातले फुगे आकाराने कमीजास्त निघतात आणि त्यांचा रंग फुगवल्यावर पातळ पडतो. बारशासारख्या कामाला, जिथे फोटो वर्षानुवर्षं बघितले जातात, तिथे चांगला फुगा घ्या. इटलीचा जेमार, कोलंबियाचा सेंपरटेक्स, तुर्कस्तानचा कालीसान असे परदेशी फुगे आकाराला एकसारखे असतात. सगळेच तसे घेणं परवडत नसेल तर निदान डोळ्यांसमोर येणारे मोठे फुगे तरी चांगले घ्या.

एका रंगाचा सगळा माल एकाच वेळी, एकाच खोक्यातून घ्या. दोन खेपांमधला 'तोच' गुलाबी रंग भिंतीवर शेजारी आला की वेगळा दिसतो. क्रोमचे चकचकीत फुगे कमी ताणले जातात, त्यांना मापापेक्षा जास्त हवा अजिबात चालत नाही.

बाकीचं सामान: भोकं असलेली प्लास्टिकची पट्टी, चिकटपट्टीवरचे गोंदाचे ठिपके, तंगूस (मासेमारीचा नायलॉनचा दोरा), कात्री दोन (एक हरवतेच), केबल टाय, पक्कड, दुहेरी टेप, एक्स्टेन्शन बोर्ड, घोडा, जुना पंचा.

आणि काय आणायचं नाही हेही सांगते. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरायच्या काही प्लास्टिक वस्तूंवर बंदी आहे. त्यात फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या आहेत, सजावटीचा थर्माकोल आहे, आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकचे बॅनरही आहेत. बाळाचं नाव थर्माकोलच्या अक्षरांत लावायची पद्धत अजून खूप ठिकाणी दिसते. त्याऐवजी पुठ्ठा किंवा एमडीएफची (दाबलेल्या लाकडी फळीची) अक्षरं करून घ्या, ती घरी आठवण म्हणूनही राहतात. काठी हवीच असेल तर कागदाची मिळते.

५. फुगवणं आणि बांधणं

पुठ्ठ्याचं एक जाड खोकं घ्या. त्याच्या तीन बाजूंना तीन गोल भोकं कापा: नऊ इंच, साडेचार इंच आणि सोळा इंच. फुगवलेला प्रत्येक फुगा आपल्या भोकातून घालून बघायचा. अडकला तर थोडी हवा सोडायची, सैल गेला तर भरायची. सुरुवातीला हे कंटाळवाणं वाटतं. पण खांबाला पीळ सरळ येतो की वाकडा, हे या खोक्यावर ठरतं. चौकडीतला एक फुगा अर्ध्या इंचाने मोठा झाला की चार चौकड्यांनंतर खांब कलायला लागतो, आणि मग तो दुरुस्त होत नाही, सोडवावा लागतो.

फुगा गोल दिसला पाहिजे. देठाकडे लांबट होऊन नासपतीसारखा झाला म्हणजे हवा जास्त झाली. असा फुगा मेच्या दुपारी टिकत नाही.

गाठ अशी मारा. दोन फुगे दोन्ही हातांत, देठ समोरासमोर. एका देठाला दुसऱ्याभोवती वेढा द्या, दोन्ही देठ एकत्र ओढून एकच गाठ. ही जोडी झाली. दुसरी जोडी घ्या, दोन्ही गाठी एकमेकींवर ठेवा आणि एका जोडीतला एक फुगा दुसऱ्या जोडीच्या मधून आरपार फिरवा. कर्रर्र असा रबरावर रबर घासल्याचा आवाज येतो, आणि चार फुगे चार पाकळ्यांसारखे उघडून बसतात. सुरुवातीला बोटांच्या कडा लाल होतात. दोन-तीन कामांनंतर बोटं सरावतात. पहिल्या महिन्यात तर्जनीला चिकटपट्टी गुंडाळून बसा, त्यात कमीपणा नाही.

खांबाचा पीळ हवा असेल तर प्रत्येक चौकडीत रंगांचा क्रम तोच ठेवा आणि वरची चौकडी खालच्या फटीत बसवताना एक घर पुढे सरकवा. सरकवायची दिशा शेवटपर्यंत एकच. फोन आला तर चौकडी बसवून मग घ्या, नाहीतर दिशा चुकते.

माळ पट्टीत किंवा तंगुसावर ओवता येते. मी तंगूस वापरते, कारण चौकडी घट्ट दाबून सरकवता येते आणि मध्ये फट राहत नाही. १४ फुटांची माळ सात-सात फुटांच्या दोन तुकड्यांत करा. छोटे फुगे आणि मोठे फुगे घरी लावायचे नाहीत. ते जागेवर, फटी बघून, गोंदाच्या ठिपक्याने.

पंप वीस मिनिटं चालला की पाच मिनिटं बंद ठेवा. तेलकट हात फुग्यांना लावू नका, तेलाने रबर कमकुवत होतं. डोक्याला तेल लावून आलेल्या मुलीला मी आधी हात साबणाने धुवून यायला सांगते. संत्र्याची किंवा लिंबाची साल सोलताना जो रस उडतो त्यातला लिमोनीन तर फुगा क्षणात फोडतो. म्हणून काम चालू असताना खोलीत संत्र सोलायचं नाही, हा आमच्याकडे नियम आहे.

६. ने-आण

आपल्या कामाला छोटा हत्ती पुरतो. पावणेतीनशे फुगे आणि खांब अर्ध्याहून जास्त टेम्पो भरतात, बाकी जागेत चौकट आणि घोडा. फुगे जुन्या मच्छरदाणीत किंवा सुती चादरीत बांधा. टेम्पोच्या आतून हात फिरवून बघा, एखादा तारेचा तुकडा, खिळ्याचं टोक, पत्र्याची कड सापडतेच. तिथे पुठ्ठा टेपने लावा.

बंद टेम्पो मे महिन्यात उन्हात उभा करायचा नाही. आतलं तापमान भराभर चढतं, हवा प्रसरण पावते, आणि आदल्या रात्री थंड खोलीत नऊ इंचांवर थांबलेला फुगा ताणला जातो. म्हणून शक्यतो सकाळी दहाच्या आत न्या आणि हॉलमध्ये एखादी खोली मागून ठेवा. ते जमत नसेल तर सावलीतला रस्ता आणि न थांबणारा ड्रायव्हर, हे दोन्ही आधी ठरवा.

७. उभारणी

आधी चौकट, मग पडदा, मग माळ, सगळ्यात शेवटी छोटे फुगे. माळ खालून वर चढवा, वजन खाली टेकलं की वरचं बांधणं हलकं होतं. दर दीड फुटाला केबल टाय. टायची कापलेली टोकं टोकदार राहतात, ती मागे वळवा.

मग मागे या. दहा पावलं मागे, जिथून पाहुणे आत येणार आहेत त्या दारात उभे राहा आणि मोबाइलमधून फोटो काढा. डोळ्याला न दिसणारी फट फोटोत दिसते. तिथे छोटा फुगा. परत दहा पावलं. हे चार-पाच वेळा करा. माझ्या मते सजावटीचा सगळा देखणेपणा या शेवटच्या अर्ध्या तासात येतो, आणि घाईत पहिल्यांदा कापला जातो तो हाच अर्धा तास.

इतर मंडळींशी बोलून घ्या. फुलवाले झेंडूच्या माळा तारेने बांधतात, त्यांची टोकं बाहेर असतात. त्यांना आधी काम करू द्या आणि मग तुम्ही लावा. लाइटवाल्या दादांना सांगा की हॅलोजन माळेपासून तीन फूट तरी लांब हवा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, औक्षणाची जागा. निरांजनाचं तबक ओवाळताना बायकांचे हात बाजूला जातात, मागे चकचकीत झालरीचा पडदा असेल तर तो पटकन पेटतो. औक्षण पडद्यापासून चार-पाच फूट पुढे व्हावं असं आत्या-मावश्यांना आधी सांगून ठेवा, चौरंग तिथेच मांडून द्या. चौरंग मांडला की सगळे आपोआप तिथेच बसतात.

८. लॉनवर काम असेल तर

हॉलमधलं काम आणि उघड्यावरचं काम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली दोन-तीन कामं हॉलमध्येच करा असं मी सांगेन.

१० बाय ८ फुटांचा पडदा म्हणजे साधारण साडेसात चौरस मीटर. वारा ताशी १८ किलोमीटर असला, म्हणजे झाडाच्या डहाळ्या हलतील एवढाच, तरी त्या पडद्यावर साधारण ११ किलो वजनाइतका जोर येतो. वारा दुप्पट झाला, ताशी ३६ किलोमीटर, की जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो: ४५ किलोच्या आसपास. तो जोर पडद्याच्या मध्यावर, म्हणजे चार फूट उंचीवर लागतो, म्हणून चौकट उलटायला त्याहून कमी वारा पुरतो. दोन वाळूच्या पिशव्या तिला धरून ठेवू शकत नाहीत.

म्हणून लॉनवर शक्यतो बंद पडदा लावूच नका. गोल रिंग किंवा जाळीची चौकट घ्या, तिच्यातून वारा निघून जातो. प्रत्येक पायाला पाण्याने भरलेला २० लिटरचा कॅन बांधा आणि मागून दोन तिरक्या दोऱ्या जमिनीत खुंट्या ठोकून ताणा. त्या दोऱ्यांना चिंध्या बांधा, अंधारात पाहुण्यांच्या पायात येतात.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपार कडक तापली की संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो, आणि पावसाच्या आधी धुळीचा वारा. लग्नाच्या लॉनवरचे स्वागत समारंभ नेमके त्याच वेळेला असतात. घरच्यांशी ठरवताना लेखी विचारा, पाऊस आला तर सजावट कुठे हलवायची? हलवता येण्यासारखी नसेल तर पैसे परत मिळणार नाहीत, हेही त्याच वेळी सांगा. उन्हात गडद फुगे आधी तापतात आणि आधी फुटतात, म्हणून दिवसाच्या कामाला फिकट रंग सुचवा. उन्हात फुग्यांची चकाकी काही तासांतच जाऊन वर मखमलीसारखी धूसर साय येते. त्याला इलाज नाही, उशिरा लावणं एवढंच हातात आहे.

९. उडणारे फुगे

हे विचारलं जातंच: "गॅसचे पण थोडे लावा ना, छताला टेकतील असे."

उडवायला दोन गॅस आहेत, हेलियम आणि हायड्रोजन. हेलियम जळत नाही. हायड्रोजन जळतो, आणि ठिणगी मिळाली की भडकतो. पण तो स्वस्त आहे. हेलियम आपल्या देशाला बाहेरून आणावा लागतो, म्हणून महाग. जत्रेत, चौपाटीवर मिळणारे गॅसचे फुगे बऱ्याचदा हायड्रोजनचे असतात, कुठे कुठे तर कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम यांपासून जागेवरच गॅस बनवतात, आणि त्या टाक्या फुटून माणसं गेली आहेत. गंमत म्हणजे रबराचा फुगा जन्मालाच हायड्रोजनसाठी आला. १८२४ मध्ये मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये हायड्रोजनच्या प्रयोगांसाठी रबराचे दोन तुकडे कडेने चिकटवून तो बनवला, आतून चिकटू नये म्हणून पीठ लावून. पण ती प्रयोगशाळा होती. इथे निरांजन आहे, केकवरच्या मेणबत्त्या आहेत, स्टेजवरचे कोल्ड पायरो (ठिणग्यांचे कारंजे उडवणारी यंत्रं) आहेत आणि मांडीवर बाळ आहे. हायड्रोजन कुठल्याही कारणाने घ्यायचा नाही. नुसत्या डोळ्यांनी फुगा कशाचा हे ओळखता येत नाही. हेलियमचं सिलिंडर तपकिरी आणि हायड्रोजनचं लाल, अशी रीत आहे, पण रंग पुन्हा मारता येतो. म्हणून नावाजलेल्या गॅस विक्रेत्याकडूनच घ्या आणि बिलावर 'हेलियम' लिहिलेलं बघा. ग्राहक म्हणाला, "ते अर्ध्या किमतीत देतात," तरी काम सोडायची तयारी ठेवा.

हेलियमचंही गणित आहे. एक लिटर हेलियम साधारण एक ग्रॅम उचलतो. ११ इंची फुग्यात बारा-चौदा लिटर मावतो, त्यातून फुग्याचं स्वतःचं तीनेक ग्रॅम वजन जातं. उरलेल्यात रिबिन येते, जड मोत्यांची लडी येत नाही. साधा रबरी फुगा बारा ते वीस तास तरंगतो, उन्हाळ्यात कमी. म्हणून तो कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच भरायचा. फॉइलचा फुगा दिवसचे दिवस टिकतो, पण बाहेर सुटून विजेच्या तारांवर गेला तर शॉर्टसर्किट होतो, म्हणून त्याला वजन बांधल्याशिवाय द्यायचा नाही. आवाज बारीक करायला सिलिंडरवरून गॅस ओढणाऱ्या मुलांना ताबडतोब थांबवा. फुप्फुसात ऑक्सिजनची जागा हेलियम घेतो आणि माणूस कोसळू शकतो.

१०. दर सांगताना

फुग्यांची किंमत ही एकूण दरातली लहान गोष्ट आहे. पट्टी, गोंद, तंगूस, टेम्पो, चौकटीची झीज, पंपाची झीज, दोन माणसांचे घरचे साडेचार तास, हॉलमधले अडीच तास, जागा बघायला गेलेला अर्धा दिवस, रात्री काढायला परत येणं, हे सगळं लिहा आणि मग त्यावर आपली मेहनत ठेवा. ओळखीत काम आलं म्हणून दर कमी करावासा वाटला तर तेवढे फुगे कमी करा. माणसांच्या मजुरीत कपात करू नका. ती तुमच्यासाठी रात्री अकराला जागी असतात.

निम्मे पैसे आगाऊ घ्या. ठरलेलं सगळं, मापं, रंग, फुग्यांची संख्या, वेळ, काढणं, पावसाचं काय, एका व्हॉट्सॲप संदेशात लिहून पाठवा आणि समोरून 'ठीक आहे' आल्याशिवाय माल आणायला जाऊ नका. काम वाढून वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली तर सेवा म्हणून जीएसटी नोंदणी लागते, तोवर निदान खर्चाची वही तरी नीट ठेवा.

११. काढणं

पाहुणे निघायला लागले की मुलं माळेकडे धावतात. त्यांना रागावू नका, खांबांवरचे मोठे फुगे काढून हातात द्या आणि माळ राखा. मात्र आठ वर्षांखालच्या मुलांच्या हातात फुटलेला किंवा न फुगवलेला फुगा राहू देऊ नका. रबराचा तुकडा घशात अडकला तर काढणं फार कठीण असतं. म्हणून फुटलेले तुकडे उचलायला एक माणूस कार्यक्रमभर ठेवणं मला खर्च वाटत नाही. बारशात रांगणारी पोरं असतात, तिथे तर नाहीच.

फुगे टाचणीने फोडायचे नाहीत, आवाजाने झोपलेलं बाळ दचकून उठतं आणि तुकडे सगळ्या हॉलभर उडतात. गाठीच्या अगदी वर, देठाच्या कमी ताणलेल्या भागात कात्रीचं टोक हळूच लावा. फुस्स करून हवा निघून जाते आणि अख्खा फुगा हातात राहतो. असे सगळे एका गोणीत भरा. फुगा रबराच्या झाडाच्या चिकाचा असला तरी तो कुजायला फार वेळ लागतो, त्यामुळे गोणी सुक्या कचऱ्यात. तंगूस मोजून गुंडाळून परत न्या, १४ फूट आणला असेल तर १४ फूट. जमिनीवर राहिलेला तंगूस दिसत नाही, पण सकाळी झाडणाऱ्या मावशींच्या पायाला तो कापतो.

चौकट टेम्पोत गेली, भिंतीवर काही चिकटून राहिलेलं नाही हे दिवा लावून बघितलं, हॉलच्या व्यवस्थापकाला दाखवलं, की राहिलेले पैसे घ्या. आणि त्याच रात्री, झोप आली असली तरी, वहीत दोन ओळी लिहा: किती फुगे नेले, किती परत आले, किती वाजता संपलं. पुढच्या कामाची आखणी करताना तुम्हाला याच आकड्यांचा उपयोग होणार आहे.